व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी

ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला घराघरांतून हद्दपार केले, त्याला अर्धशतक होऊन गेले. तरीही हा काचेचा लुकलुकता दिवा अलीकडे पुन्हा लोकांच्या मेजावर येऊन बसला आहे, आणि तो मुख्यतः हेडफोनच्या ॲम्प्लिफायरमधून. ज्यांनी असे यंत्र घेतले त्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: गाणे थांबले की मागे काहीतरी ऐकू येत राहते. त्यावर मिळणारा पहिला सल्लाही ठरलेला असतो, तो म्हणजे व्हॉल्व्ह बदलून टाका. या सल्ल्यात तथ्य आहे. पण व्हॉल्व्ह बदलणे हा उपाय ठरण्याआधी तो एक प्रयोग असतो, आणि प्रयोगाला प्रयोगाची शिस्त लागते. बेंगळुरूच्या इंदिरानगरातील एका भाड्याच्या घरात ही शिस्त कशी पाळली गेली, आणि तिच्यातून यंत्राच्या दोषाखेरीज आणखी काय हाती लागले, त्याची ही हकीकत.

त्या घरात राहणारी स्त्री मूळची सांगलीची. संगणक क्षेत्रात नोकरी करणारी. तिच्या वडिलांचे आयुष्य रेडिओदुरुस्तीत गेले. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून सुरुवात करून ते ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि दूरदर्शन संचापर्यंत आले, आणि दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केले. मुलीने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर विकत घेतला, तो काही अंशी त्या दुकानाच्या आठवणीने. यंत्र साधे होते. डाव्या कानासाठी एक आणि उजव्या कानासाठी एक असे ईसीसी८२ जातीचे दोन व्हॉल्व्ह, आणि पुढे हेडफोन हलवण्याइतका प्रवाह देणारे ट्रान्झिस्टर.

या नावातच व्हॉल्व्हची कुंडली असते. युरोपीय पद्धतीत पहिले ‘ई’ अक्षर ६.३ व्होल्टचा हीटर सांगते, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोन ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आकड्यातील ८ म्हणजे नऊ पिनांचा बेस. ही पद्धत भारतात रुजली ती बेंगळुरूमार्गे. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना १९५४ साली झाली. शहराच्या वायव्येला जलहळ्ळी येथे १९६१ पासून त्याने फिलिप्सच्या तंत्रसहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमची अर्धवाहक उपकरणेही. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला बाजूला सारणारी वस्तू या दोन्हींचे उत्पादन एकाच आवारात जेमतेम वर्षाच्या अंतराने सुरू झाले. ‘बीईएल’ असा छाप असलेले ईएल८४ आणि ६व्ही६ आजही जगभरचे शौकीन शोधत असतात. सांगलीतल्या त्या दुकानात मात्र त्यांना शौक म्हणून कोणी विचारले नव्हते. रेडिओ बंद पडला की खोक्यातून नवा काढायचा, एवढाच त्यांचा मान होता.

काचेच्या आत काय चालते हे थोडक्यात सांगता येते. मध्यभागी एक तापलेली नळी असते. तिला कॅथोड म्हणतात. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. तापल्यावर त्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि निर्वातातून धन दाबाच्या पट्टीकडे धावतात. वाटेत तारेची एक विरळ जाळी असते. जाळीवरचा दाब किंचित बदलला की धावणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. इवल्या संदेशाचा मोठा संदेश होतो तो असा. पण इलेक्ट्रॉन सलग धारेने वाहत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे ते एकेक करून आदळतात. या अनियमित आदळण्याचा एक आवाज असतो. वॉल्टर शॉट्की याने १९१८ साली त्याचे गणित मांडले. साध्या रोधालाही आपला असा आवाज असतो, आणि तो तापमानामुळे येतो, हे १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवले. एक लाख ओहमचा रोध नेहमीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, काहीही न करता सुमारे ५.८ मायक्रोव्होल्टचा रव निर्माण करतो. तेव्हा पूर्ण नीरव ॲम्प्लिफायर हा निसर्गनियमांच्या बाहेरचा हट्ट आहे. प्रश्न एवढाच उरतो की ऐकू येणारा रव अटळ आहे की टाळता येण्याजोगा.

हेडफोनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण मध्ये अंतरच नसते. एक हिशेब करून पाहावा. ॲम्प्लिफायरच्या टोकाशी २० मायक्रोव्होल्टचा रव आहे असे धरू. ३२ ओहमचा, एका मिलिवॅटला ११० डेसिबल आवाज देणारा संवेदनशील इअरफोन लावला, तर तो रव कानाशी सुमारे ३१ डेसिबलचा होतो. शांत खोलीतल्या कुजबुजीइतका. तोच रव २.८३ व्होल्टला ९० डेसिबल देणाऱ्या सर्वसाधारण स्पीकरला दिला, तर एक मीटरवर त्याची पातळी शून्याच्याही १३ डेसिबल खाली जाते. म्हणजे तो कुणालाच ऐकू येणार नाही. स्पीकरवर निर्दोष वाटणारा व्हॉल्व्ह हेडफोनवर सदोष ठरतो तो यामुळे. अशा वेळी काही बिघडलेले नसते. फक्त कान यंत्राच्या फार जवळ गेलेला असतो.

मुलीने वडिलांना फोन केला तेव्हा तिने सांगितले ते एवढेच: “बाबा, आवाज येतोय.”

“आवाज येतोय म्हणजे काय?” ते म्हणाले. “कसला येतोय? दुकानात गिऱ्हाईक असंच म्हणायचं, रेडिओ खराब झालाय. खराब म्हणजे काय ते त्याच्याकडून काढून घ्यायला माझी दहा मिनिटं जायची.”

मराठीत या कामासाठी शब्दांची वाण नाही, आणि रेडिओदुरुस्तीच्या बाकावर तर ते शब्द अवजारांसारखे वापरले जात. घूं म्हणजे विजेच्या ५० आवर्तनांची गुणगुण. तिच्या दुप्पट, १०० आवर्तनांची, ती जराशी खरबरीत. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचे अंतर असते, त्यामुळे तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला ती वेगळी करणे जड जात नाही. पहिली बहुधा हीटरच्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या गोंधळातून येते. दुसरी रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कंडेन्सर सुकल्याचे सांगते. सूं म्हणजे पावसासारखा, उंच आणि सपाट रव. तो व्हॉल्व्ह किंवा रोध यांचा. चट् चट् म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे, पिनेवर गंज आहे किंवा डाग नीट बसलेला नाही. काचेवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये घंटेसारखी किणकिण उमटली, तर त्या व्हॉल्व्हचे आतले भाग ढिले झाले आहेत. तो मायक्रोफोनसारखा वागू लागला आहे.

मुलीने कान देऊन ऐकले आणि म्हणाली, “डाव्या बाजूला सतत सूं येतोय.”

“ऊं? मग फिल्टर बघ. कंडेन्सर गेला असेल.”

तिने कंडेन्सर मागवण्याची तयारी केली. दुसऱ्या दिवशी बोलताना तिला जाणवले की, ती म्हणाली एक आणि त्यांना ऐकू आले दुसरेच. “ऊं नाही, बाबा. सूं. साबणातला स.” “हां, मग असं सांग की,” ते म्हणाले आणि निदान बदलले. फोनच्या लाइनीवर खापर फोडून दोघेही पुढे गेले.

पुढच्या पायऱ्या त्यांनी कागदावर लिहून घ्यायला लावल्या. पहिली पायरी संरक्षणाची. त्या यंत्रात दीडशेहून अधिक व्होल्टचा दाब होता, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर तो काही काळ धरून ठेवतात. म्हणून खालचे झाकण उघडायचे नाही. व्हॉल्व्ह काढताना यंत्र बंद करून, प्लग काढून, काच निवू द्यायची, आणि व्हॉल्व्ह सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. दुसरी पायरी, एका वेळी एकच बदल. तिसरी, प्रत्येक बदलानंतर यंत्र वीसेक मिनिटे तापू द्यायचे आणि मगच ऐकायचे. चौथी पायरी त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटे: ऐकलेले लगेच लिहून ठेवायचे, कारण कानाला स्मरणशक्ती कमी आणि अपेक्षा फार.

प्रथम तिने आवाजाचे बटण पूर्ण शून्यावर नेले. सूं जसाच्या तसा राहिला. बहुतेक यंत्रांत हे बटण व्हॉल्व्हच्या आधी असते. तेव्हा त्याच्या हालचालीने जो रव बदलत नाही, तो बटणाच्या पुढे, म्हणजे व्हॉल्व्हपाशी किंवा त्याच्याही पुढे जन्मतो. घूं मात्र बटणाबरोबर कमीजास्त होत होता. म्हणजे तो बाहेरून, बटणाच्या आधीच आत शिरत होता. तिने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं नाहीसा झाला. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आणि ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग, दोघेही अर्थिंगला जोडलेले. शिवाय आवाजाची तारही त्यांना एकमेकांशी जोडत होती. असा बंद फेरा तयार झाला की त्यातून क्षीण प्रवाह वाहतो आणि संदेशात मिसळतो. काही जण अशा वेळी अर्थिंगची पिन तोडतात. हेडफोन धातूच्या तारेने थेट डोक्याशी जोडलेला असतो, हे लक्षात घेतले तर त्या तोडण्याचा अर्थ कळतो. दोन्ही प्लग एकाच पट्टीवर लावणे आणि ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवणे एवढ्याने तिचे काम भागले.

मग अदलाबदल. डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे. या प्रयोगाला एक पैसा लागत नाही, आणि त्याचे उत्तर संदिग्ध नसते. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या कानात गेला तर व्हॉल्व्ह दोषी. जागच्या जागी राहिला तर जागा दोषी. तिच्या बाबतीत दोन्ही झाले. सूं डावीकडून उजवीकडे गेला. उजवीकडे अधूनमधून होणारी चट् चट् मात्र उजवीकडेच राहिली. म्हणजे एका व्हॉल्व्हला खरोखर दोष होता, आणि उजव्या बेसच्या खोबणींत घाण होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसून, यंत्र बंद असताना व्हॉल्व्ह चारपाच वेळा आतबाहेर केल्यावर चट् चट् थांबली. ज्या यंत्रात एकच दुहेरी व्हॉल्व्ह दोन्ही कानांचे काम करतो, तेथे ही अदलाबदल शक्य नसते. त्यासाठी खात्रीचा एक जादा व्हॉल्व्ह जवळ ठेवावा लागतो.

इतके होईतो तीन आवाजांचा छडा लागला होता. चौथा राहिला: झर्र असा, १०० आवर्तनांचा, दोन्ही कानांत, पण रोज नाही. तो रात्री येई, कधी तासभर टिके, कधी मुळीच नसे. तिचा संशय मेट्रोवर गेला. इंदिरानगरचे स्थानक सीएमएच रस्त्यावर उंचावर आहे, आणि तिचे घर तेथून फार दूर नव्हते. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड हा बेंगळुरूच्या मेट्रोचा पहिला टप्पा याच मार्गाने सुरू झाला; गाड्या रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह घेतात. संशयित भारदस्त होता, म्हणूनच मोहात पाडणारा. वडिलांनी फक्त विचारले, “गाडी जाते तेव्हाच येतो का?” तिला सांगता येईना. मग तिने वही केली: आवाज किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, तेव्हा घरात काय काय चालू होते.

वेळेची वही हे विज्ञानातले जुने आणि मानाचे साधन आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी कार्ल जान्स्की हा अभियंता अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत समुद्रापारच्या रेडिओ-दूरध्वनीला छळणाऱ्या खरखरीचा शोध घेत होता. वादळांची खरखर वेगळी काढल्यावर त्याच्याकडे एक मंद सूं उरला, आणि नोंदींवरून दिसले की तो दर दिवशी चार मिनिटे आधी येतो. सूर्याशी निगडित गोष्ट २४ तासांनी येते. २३ तास ५६ मिनिटांनी परतणारी गोष्ट ताऱ्यांशी निगडित असते. तो रव आकाशगंगेचा होता, आणि रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म त्यातून झाला. तेथून तीसेक वर्षांनी पेन्झियास आणि विल्सन यांनी आपल्या अँटेनातला हट्टी रव घालवण्यासाठी आत बसलेली कबुतरे हाकलली, त्यांची घाण साफ केली, जोड तपासले. तरीही उरला तो विश्वाच्या बाल्यावस्थेतला अवशेष होता. १९६५ साली ते जाहीर झाले आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बीण आजही आकाशातून येणारा रव माणसांच्या यंत्रांतून येणाऱ्या रवापासून वेगळा करण्याचेच काम करते.

इंदिरानगरच्या वहीतून असे काही विश्वरूप प्रकटले नाही. तीन आठवड्यांच्या नोंदींत मेट्रोच्या गाड्यांशी त्या आवाजाचा काही मेळ बसला नाही. गाड्या बंद झाल्यानंतरही तो मध्यरात्री ऐकू येत होता. मेळ बसला तो पंख्याशी, आणि तोही पंखा दोनवर असतानाच. पाचवर केला की आवाज गायब. त्या जुन्या घरात गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. असा रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग कापून पंखा हळू करतो. सेकंदाला १०० वेळा ही कापाकापी होते, आणि प्रत्येक काप हा विजेच्या तारांतून व हवेतून पसरणारा एक छोटा धक्का असतो. पूर्ण वेगावर कापण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून आवाजही नाही. वडिलांना हे कळल्यावर ते मनापासून हसले. “आमच्या सांगलीत मे महिन्यात पंखा दोनवर कोण लावतो? इथं हा दोष सापडलाच नसता.” बेंगळुरूच्या गारव्याने उघड केलेला दोष कंडेन्सरचा टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर बसवून गेला. त्याला आलेला खर्च नव्या व्हॉल्व्हच्या जोडीच्या मानाने किरकोळ होता.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. चार आवाजांपैकी व्हॉल्व्हचा होता तो एकच. सुरुवातीलाच जुन्या दुर्मीळ व्हॉल्व्हची महागडी जोडी घेतली असती, तर सूं गेला असता, पिना आतबाहेर झाल्यामुळे चट् चट्ही कदाचित थांबली असती, आणि श्रेय सगळे नव्या जोडीला मिळाले असते. घूं आणि झर्र राहिले असते, आणि त्यांच्यासाठी आणखी महाग जोडी शोधली गेली असती. व्हॉल्व्हच्या बाजारात दंतकथा वाढतात त्या अशाच. खरेदी करताना आणखी एक सापळा असतो. ईसीसी८२ आणि ईसीसी८३ यांच्या पिना सारख्याच, पण पहिल्याचा वर्धनांक वीसच्या आसपास आणि दुसऱ्याचा १००. आवाज वाढला तो गुण वाटतो. त्याबरोबर रवही वाढलेला असतो. ईसीसी८८ त्याच नऊ भोकांत बसतो, पण त्याच्या हीटरची जोडणी वेगळी, १२.६ व्होल्टच्या जागी तो लावला तर जळून जातो. बसतो म्हणून चालतो, असे नाही. काचेच्या आतल्या चांदीसारख्या डागाकडेही पाहावे. तो बेरियमचा लेप उरलीसुरली हवा शोषण्यासाठी असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे.

तिने बेंगळुरूच्या एसपी रोडवरच्या दुकानांत फिरून ईसीसी८२ चा एक साधा व्हॉल्व्ह मिळवला आणि सूं देणारा बाजूला ठेवला. काही आठवड्यांनी वडील बेंगळुरूला आले. त्यांना तो जुना व्हॉल्व्ह स्वतः ऐकायचा होता. वर्षानुवर्षे ज्यांचे निदान केले त्या आवाजांपैकी एक. तिने तो पुन्हा डावीकडे बसवला, वीस मिनिटे थांबली आणि हेडफोन त्यांच्या हाती दिला.

ते बराच वेळ ऐकत राहिले. “स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “काही नाही यात.”

तिने हेडफोन घेतला. सूं होता, तसाच, पावसासारखा. तिने काही न बोलता तो परत दिला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि मग त्यांनी जे केले ते आयुष्यभर करत आलेल्या माणसालाच सुचेल असे होते. त्यांनी हेडफोन उलटा घातला. डावा भाग उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. पुन्हा ऐकले. दोन्हीकडे शांत.

“तुला दोन्ही बाजूंनी येतोय ना? उलटा केला की सरकतो?”

“हो, बाबा.”

“मला कुठल्याच बाजूनं येत नाही. म्हणजे दोष यंत्रात नाही, ऐकणाऱ्यात आहे.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मला ऐकू येत नाही म्हणजे तो नाहीच, असं कसं होईल?”

वयाबरोबर श्रवण कमी होते ते वरच्या बाजूने. कानाच्या आतल्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी निकामी होतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे घूं शेवटपर्यंत ऐकू येतो, आणि सूं हळूहळू, कुणालाही न कळता, निघून जातो. त्याबरोबर बोलण्यातले स, श, फ यांसारखे वर्णही झिजतात, कारण त्यांची बहुतेक शक्ती उंच आवर्तनांत असते. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. फोनवर सूं चा ऊं झाला होता तो याच कारणाने; लाइनीचा त्यात फारसा दोष नव्हता. घरातल्यांना हे उशिरा कळते, कारण ज्याचे ऐकणे कमी झाले त्याच्या दृष्टीने जग अधिक शांत झालेले असते, आणि शांततेची तक्रार कोण करतो?

गेली काही वर्षे कुटुंबात याच विषयावरून कुरबुर चालू होती. कानाची तपासणी करून घ्यायला ते तयार नव्हते. पुढचा माणूसच पुटपुटतो, असे त्यांचे म्हणणे असे. आग्रहाने जे झाले नाही ते त्यांच्याच पद्धतीच्या प्रयोगाने झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तपासणीचा विषय काढला. आलेख ठरल्याप्रमाणे निघाला: खालच्या आवर्तनांत ठीक, २००० हर्ट्झच्या पुढे उतार, दोन्ही कानांत सारखा. त्यांनी तो कागद ॲम्प्लिफायरचा आलेख वाचावा तसा वाचला आणि श्रवणयंत्राविषयी पहिला प्रश्न विचारला तो असा: “याचा स्वतःचा सूं किती असतो?”

प्रश्न अस्थानी नव्हता. श्रवणयंत्र हाही एक ॲम्प्लिफायरच आहे. फक्त जिथे कान कमी पडतो तिथे तो अधिक वाढवतो. त्याचा इतिहासही व्हॉल्व्हच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १९३० च्या दशकात अंगावर बाळगता येणारी श्रवणयंत्रे आली ती नखाएवढ्या व्हॉल्व्हमुळे, आणि १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूत शिरला तो रेडिओच्याही आधी, श्रवणयंत्रातून. व्हॉल्व्ह मात्र पूर्णपणे गेलेला नाही. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, क्ष-किरण नलिका, रडार आणि उपग्रहांतील प्रवर्धक नलिका ही त्याचीच भावंडे. त्यांच्यावर पिलानीच्या ‘सीरी’ संस्थेत आणि बेंगळुरूच्याच संरक्षण संशोधन केंद्रात आजही काम चालते. रेडिओचे साधे व्हॉल्व्ह मात्र आपल्याकडे जे उरले आहेत तेवढेच. म्हणून नीट तपासणी न करता खराब ठरवून टाकून दिलेला प्रत्येक व्हॉल्व्ह हे नुकसानच आहे.

सूं देणारा तो ईसीसी८२ टाकून दिला गेला नाही. वडिलांनी त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवली: तारीख, दोष, आणि ‘अदलाबदल करून पाहिले’ अशी नोंद. ते तो सांगलीला घेऊन गेले. तेथे त्यांच्या जुन्या स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे याच जातीची एक जागा आहे. त्या टप्प्यावर संदेश आधीच इतका मोठा झालेला असतो की सूं त्याखाली बुडून जातो. पहिल्या टप्प्यावर निकामी ठरलेला व्हॉल्व्ह तेथे आणखी अनेक वर्षे काम देऊ शकतो.

ज्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज येत असेल, त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी एवढा क्रम पाळून पाहावा. आवाजाला नाव द्यावे. बटण शून्यावर नेऊन तो बदलतो का ते पाहावे. बाहेरच्या तारा आणि चार्जर एकेक करून काढावेत. पंखा, दिव्याचा डिमर, इन्व्हर्टर आणि जवळचा मोबाइल यांची वेळेसह नोंद ठेवावी. व्हॉल्व्ह यंत्र बंद करून, काच निवल्यावर डावे-उजवे करावेत. अर्थिंगची पिन तोडू नये. आणि एकदा हेडफोन उलटा घालून, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसालाही तो ऐकायला द्यावा.